उत्तरासाठी सोडलेली जागा

"जड वस्तू आधी पडेल," विधी म्हणाली आणि मी तिला शाब्बास म्हटलं. म्हणजे मी नाही. मी खिडकीपाशी गळ्याला मफलर गुंडाळून, ओठ मिटून उभी होते. शाब्बास म्हणाली ती भिंतीवरच्या डिजिटल बोर्डातली मी. गेल्या उन्हाळ्यात जांभळी साडी नेसून चित्रित झालेली, ठणठणीत आवाजाची. तिने विचारलं होतं, "एक जड वस्तू आणि एक हलकी वस्तू एकाच उंचीवरून एकदम सोडली, हवा अजिबात नाही असं धरा, तर आधी कोण पोचेल? सांगा बरं." मग ती थांबली, मान जराशी तिरकी करून, मी थांबते तशीच. अख्खा दहावीचा वर्ग तिच्याकडे बघत होता. विधीने उत्तर दिलं, धडधडीत चुकीचं, आणि जांभळ्या साडीतली बाई गोड हसून म्हणाली, "शाब्बास. दोन्ही एकाच वेळी पोचतील." विधी लाजून खाली बसली. बाकीच्यांनी वहीत लिहिलं, दोन्ही एकाच वेळी पोचतील. अरे, आत्ता ती जड म्हणाली ना? कुणाच्या कपाळावर आठी नाही. माझ्या मानेतून मात्र सर्रकन काहीतरी गेलं, आणि तोंड उघडायला निघालेलं मी दातांनी धरून ठेवलं.

ती थांबायची जागा माझीच करणी. धुळ्याच्या देवपुरातल्या आमच्या शाळेचं वाचनालय बंद करून, खिडक्यांना चादरी लावून गणित-विज्ञानाचे सगळे धडे रेकॉर्ड केले तेव्हा कॅमेऱ्यावरचा पोऱ्या सारखा कुरकुरायचा, "मॅडम, मध्ये थांबू नका, मागून कापत बसावं लागतं." आता प्रश्न विचारल्यावर थांबायचं नाही तर काय करायचं? समोर चादर होती, चादरीमागे बंद खिडकी होती, तरी मी विचारायची आणि थांबायची. इतक्या वर्षांचं वळण आहे ते. थांबले की मला कुठल्यातरी बाकावरून उत्तर आल्यासारखं वाटायचं, बरोबरच आलंय असं वाटायचं, आणि तोंडातून शाब्बास निघून जायचं. वर्गात माझं शाब्बास काही असं खिरापतीसारखं वाटलं जात नाही, विचारा कुणालाही. पण रिकाम्या खोलीत चुकणार कोण? संस्थेचे सेक्रेटरी अखिलशेठ, म्हणजे संस्था काढणाऱ्या मिश्रीलालजींचे नातू, पुण्याहून शिकून आलेले, उत्साहाचा नुसता धबधबा, त्यांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "कापू नका. जिवंत वाटतं. मुलं बोलतील मधल्या जागेत." तसं ते राहिलं. आणि मुलं खरंच बोलायला लागली, हा त्यातला वैताग.

डिसेंबरात माझा आवाज फाटला. आधी वाटलं सर्दी, मग वाटलं खडूची धूळ, मग एक दिवस पायथागोरस सांगता सांगता नुसती हवा बाहेर पडली. जळगावच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, स्वरतंतूवर गाठ. ऑपरेशन साधं झालं, पण नंतर त्यांनी समोर बसवून दरडावलं. "मास्तरीणबाई, मी सांगेपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचं नाही, खाकरायचं नाही. जखम भरताना बोललात तर व्रण धरेल, आणि आवाज जन्मभर फाटका राहील. शिकवणं विसरा मग." मी मान हलवली. मान हलवणं हे किती कंगाल काम आहे ते मला तेव्हा माहीत नव्हतं. घरी पडून राहा असं सगळेच म्हणाले. नवरा वरणगावच्या फॅक्टरीतून रविवारी येतो, तोही म्हणाला. पण परीक्षा मार्चात, आणि घरात बसलं की छातीत कुणीतरी येरझारा घालत असल्यासारखं व्हायचं. अखिलशेठ म्हणाले, "तुम्ही फक्त वर्गात उभ्या राहा मॅडम. बोलायचं काम बोर्ड करेल." मला ते बरं वाटलं होतं. अगदी हायसं वाटलं होतं, आता चीड येते त्याची.

घरी सासूबाई आहेत, भागाबाई, त्यांना मी अक्का म्हणते. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मोबाइलवर लिहून दाखवायची सोय नाही, सगळा हातवाऱ्यांचा कारभार. मीठ हवं की पीठ हवं यात आमची अर्धी सकाळ जायची. एके दिवशी भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "तू बोलत नही तं घर खावाले उठस माय. लाव ना ते तुन्हं, शाळामातलं." मी मोबाइल फळीवर उभा करून धडा लावला. कुठला लावला? हाच, गुरुत्वाकर्षणाचा, हात तिकडेच गेला. स्वयंपाकघरात माझा आवाज भरून राहिला आणि मी भाजी चिरत गप्प. मला माझाच हेवा वाटला. किती सहज बोलत होते मी, शब्द संपले तर काय याची काळजी नसल्यासारखी. प्रश्न आला, जागा आली. "जड ते आधी पडस, त्यामा काय इचारनं," अक्का म्हणाल्या. "शाब्बास," मोबाइल म्हणाला. अक्कांचा चेहरा असा फुलला की मी विळी बाजूला ठेवली. "देख, माले बी येस," त्या म्हणाल्या. आता यांना काय सांगू, आणि कशी सांगू? मी हसले. दिवसभर ते हसू माझ्या तोंडाला चिकटून राहिलं, धुऊन जाईना.

विधी ही कापड-किराणाच्या ओसवालांची मुलगी. गेली दोन वर्षं माझ्या वर्गात आहे. मी प्रश्न विचारला की ती बाकाच्या फटीत बघायची. वाट पाहिली तरी बघायची, उत्तर माहीत असलं तरी बघायची. काही मुलींना समोरचा माणूसच जड होतो, त्यांना घाई करून उपयोग नसतो. आणि आता हीच विधी बोर्डाला फटाफट उत्तरं देत होती. बोर्ड तिच्याकडे बघत नाही ना. चूक की बरोबर, शाब्बास ठरलेलं. तिचा आवाज बारीक पण खणखणीत आहे, हे मला या जानेवारीत कळलं. आनंद व्हायला हवा होता. झालाही थोडा, खोटं कशाला बोलू. पण सराव परीक्षेचे पेपर आले आणि त्यात तिने लिहिलेलं वाक्य वाचून मी उठून ग्लासभर पाणी प्यायले. 'जड वस्तू आधी पोचते, म्हणून दोन्ही वस्तू एकाच वेळी पोचतात.' खाली रेघ मारलेली, वळणदार अक्षर. दोन्ही वाक्यं माझीच होती म्हणायची. एकाला मी शाब्बास म्हटलेलं, दुसरं मी सांगितलेलं. बिचारीने दोन्हींचा मान ठेवून ती 'म्हणून' घालून जोडून दिली होती. मार्क द्यायचे की नाही हा प्रश्न नव्हताच. त्या 'म्हणून'मध्ये तिच्या डोक्यात काय बसलंय ते मला विचारायचं होतं, आणि मला विचारता येत नव्हतं.

मग मी बोर्ड थांबवून पाहिला. शाब्बासच्या आधी बोट टेकवायचं, चित्र गोठवायचं, बाजूला 'नाही, विचार करा' असं लिहायचं. पहिल्यांदा मुलं चुळबुळली. दुसऱ्यांदा तेजस नावाच्या वर्गातल्या अतिहुशाराने विचारलं, "मॅडम, हँग झालं का?" तिसऱ्यांदा माझ्या पाठीमागे गप्पा सुरू झाल्या, आणि न बोलता गप्पा थांबवायच्या कशा, टाळ्या वाजवून? त्याच दुपारी अखिलशेठनी ऑफिसात बोलावलं. बोर्ड कुठे किती थांबला ते त्यांच्या मोबाइलवर दिसतं म्हणे. "मॅडम, नेट जात होतं का? सारखा पॉज दिसतोय." मी माझ्या मोबाइलवर लिहून पुढे केलं, 'मुलं चुकीचं उत्तर देतात, बोर्ड शाब्बास म्हणतो.' त्यांनी वाचलं, हसले, वाईट हसले नाहीत, समजुतीने हसले. "पण पुढच्याच क्षणी बरोबर उत्तर तुम्हीच सांगताय ना. वहीत बरोबरच जातंय. आणि मॅडम, मुलं बोलती झालीत हो. ती विधी, तिचे पप्पा सांगत होते, घरीसुद्धा मोबाइल लावून उत्तरं देत बसते. आधी कधी बोलली होती का ती?" मी 'नाही' एवढंच लिहिलं, कारण ते खरं होतं. "शुक्रवारी जळगावच्या दोन संस्थांची माणसं येताहेत," ते म्हणाले, "एक नशिराबादच्या शाळेचे आहेत, तिथे विज्ञानाला शिक्षकच नाही वर्षभर. त्यांना हाच धडा दाखवू. फक्त त्या दिवशी थांबवू नका, एवढं करा माझ्यासाठी." काय चुकीचं बोलत होते ते? शिक्षकच नाही तिथे मी असलेली काय वाईट, जांभळ्या साडीतली का होईना. पण पांझरेच्या पुलावरून घरी येताना मी त्यांच्याशी मनात भांडत होते, इतकी की गळ्यातली जखम खरोखर ओढल्यासारखी दुखायला लागली. मनात भांडलं तरी गळा हलतो का, हे डॉक्टरांना विचारायला हवं होतं.

शुक्रवारपर्यंत मला कुठेच टेकवेना. बसले की उठावंसं वाटे. रिकाम्या वर्गात जाऊन मी बाकांवरून हात फिरवत हिंडले. मनात सारखा एकच हिशेब. गप्प राहिले तर आवाज वाचतो, आवाज वाचला तर पुढची सगळी वर्षं वाचतात, सगळी मुलं वाचतात. त्यापुढे एका मुलीचा एक 'म्हणून' तो काय मोठा? मार्चनंतर समजावून सांगू. मार्चनंतर ती शाळेत असणार नाही, हे मला माहीत होतं, तरी मी स्वतःला सांगत होते. माणूस स्वतःशी बोलताना कसा सफाईने फसवतो. आणि समजा समजावलं, तर ती पुन्हा बाकाच्या फटीत बघायला लागली तर? खोट्या शाब्बासवर का होईना, पोर उभी राहिली होती. ते खोटं काढून घेतलं की ती खाली बसणार. दोन्हीकडून माझीच मान अडकलेली, आणि सांगायला तोंड नाही.

शुक्रवारी पाहुणे आले. मागे प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या होत्या, त्यावर बसले. अखिलशेठ दाराशी उभे, हातात बोर्डाचा रिमोट. मुलींनी वेण्या नव्या रिबिनींनी बांधल्या होत्या. मी माझ्या खिडकीपाशी. धडा सुरू झाला. जांभळ्या साडीतली मी छानच बोलत होते, पाहुणे माना डोलावत होते, एकाने तर माझ्याकडे बघून हात जोडले, म्हणजे बोर्डातली तीच मी ना, अशा अर्थी. प्रश्न आला. जागा आली. विधी उभी राहिली, तिला आता सवय झाली होती. "जड वस्तू आधी पोचेल." "शाब्बास," मी म्हणाले, भिंतीवरून. मागून टाळ्या आल्या. कुणीतरी "वा, छान" म्हणालं. टाळ्यांनी विधी बावरली आणि तिने बोर्डावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. खऱ्या माणसाकडे बघून खात्री करून घ्यावी तसं. आणि माझी मान हलली. नाही, अशी. मी हलवली नाही, ती हलली. चूक ऐकली की ती हलते.

विधीचे कान लाल झाले. मागच्या बाकाची कड चाचपत ती बसायला लागली, सावकाश, जणू कुणाच्या लक्षात येऊ नये. मला त्या क्षणी एवढंच स्वच्छ दिसलं की ही आता बसली तर पुन्हा उठणार नाही, मार्चपर्यंत नाही आणि नंतर कुठल्या कॉलेजातही नाही. "थांब," मी म्हणाले. तो आवाज माझा नव्हता. पत्र्यावरून विळा ओढावा तसं काहीतरी निघालं, आणि घशात चटका बसला. अख्खा वर्ग वळला. "बसू नको विधी. तुला असं का वाटलं?" बोर्डातली मी तिकडे बोलतच होते, हवेचा अडथळा नसेल तर, दोन्ही वस्तूंचा वेग सारखाच वाढत जातो, स्पष्ट, गोड, न चुकता, आणि तिच्यापुढे मला माझंच ऐकू येईना. मी बाकांमधून पुढे गेले. "सांग ना. जड आधी, असं का वाटलं? चुकलं म्हणून विचारत नाही. मला कळत नाही म्हणून विचारतेय."

मी थांबले. आता थांबायला कितीही जागा होती, कापणारं कुणी नव्हतं. मग विधी म्हणाली, "मॅडम, आमच्या दुकानात माळ्यावरून माल खाली सोडतात. साबणाचा खोका धाडकन येतो. आणि रिकामं पोतं सोडलं की ते डुलत डुलत मागून येतं. मी रोज बघते. मग दोन्ही बरोबर कसे येतील?" ती मध्ये काहीतरी अजून बोलली, ते बोर्डाच्या आवाजात बुडालं. मागून नशिराबादचे ते गृहस्थ पुढे झुकले. "काय म्हणाली पोरगी? ते जरा बंद करा हो," ते म्हणाले. अखिलशेठ रिमोट हातात धरून माझ्याकडे, मग विधीकडे बघत राहिले, आणि त्यांनी आवाज बंद केला. भिंतीवर माझे ओठ हलत राहिले. "परत बोल बेटा," ते गृहस्थ म्हणाले. विधी परत बोलली, या वेळी मोठ्याने. मग तेजस म्हणाला, "पोतं पसरतं ना, हवा धरते त्याला." कुणी म्हणालं, मग खोक्याला का नाही धरत? मी विचारलं, "आणि पोत्याची घट्ट घडी करून दोरीने बांधलं तर?" शेवटचा शब्द निघालाच नाही, नुसती हवा आली, पण तो त्यांनी माझ्या हातांवरून ओळखला. विधी छताकडे बघत होती, तिकडे तिचा माळा असावा. "मग ते पण धाडकन येईल," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच, "म्हणजे वजनामुळे नाही." मला घशात रक्ताची चव लागत होती आणि मी इतकी खूश होते की मला बसावं लागलं.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी नळी घातली आणि पडद्यावर बघत म्हणाले, "बोललात." मी "हो" म्हटलं, आता काय लपवायचं. ते बराच वेळ रागावले नाहीत, त्याचंच मला भय वाटलं. "व्रण धरलाय. व्यायाम सांगतो घशाचे, थोडा फरक पडेल. पण तो जुना आवाज विसरा. हाच आता तुमचा." परतीच्या एसटीत एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि मी तोंडावर पदर धरून रडले. वाटतं तितकी मी मोठ्या मनाची नाही. एका पोत्यासाठी मी माझा आवाज घालवला, असं शंभरदा मनात आलं, आणि मला खरोखर पश्चात्ताप झाला, अगदी धुळ्याच्या स्टँडपर्यंत. अक्कांना घरी येऊन दोन वाक्यं बोलून दाखवली. त्यांनी कानामागे हात धरून ऐकलं. "चालस," त्या म्हणाल्या, "माले तं तसं बी कमीच आयकू येस." जळगावच्या लोकांनी धडे घेतले. नशिराबादच्या शाळेत सध्या मी विज्ञान शिकवते, जांभळी साडी नेसून. तेवढं शाब्बास काढा अशी मी अखिलशेठना विनंती केली, ते म्हणाले बघतो, आणि बघत असावेत.

जळगावहून आल्यावरच्या सोमवारी मी वर्गात गेले, बोर्डावर बोटाने भिंगाची आकृती काढली आणि प्रकाशकिरण कसा वाकतो ते सांगायला लागले. माझा आवाज तिसऱ्या बाकापर्यंत जात होता. त्यापुढे तो पडून जायचा आणि मागे कुजबुज वाढायची. मी घसा ताणला, तो आणखी फाटला. दोन मुलं हसली. मला वाटलं, झालं, संपलं आपलं, आता बोर्डच लावावा, मुलांचं तरी नुकसान नको. माझं बोट धडा सुरू करायच्या खुणेकडे गेलंसुद्धा. तेवढ्यात मागच्या बाकावरून विधी उठली. कुणी विचारलं नव्हतं तिला. "मॅडम," ती म्हणाली, "इथे काहीच ऐकू येत नाहीये. आणि तो किरण असा का वाकला ते मला पटलेलंही नाही. तुम्ही इकडे या ना." मला 'इकडे या' म्हणायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. मी गेले.